अब्बांचे सिको घड्याळ

तास संपायला पाच-दहा मिनिटे उरली की आमचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटाकडे जातो. घड्याळाच्या काचेभोवती जे आकड्यांचे काळे कडे आहे ते कटकट आवाज करीत थोडे फिरवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. दरवर्षी आठवीचा एखादा नवा मुलगा विचारतोच, "सर, ये घूमता क्यों है?" मग फळ्यावरचे गणित तसेच ठेवून आम्ही घड्याळाची गोष्ट सुरू करतो. मुलांनाही तेच हवे असते.

(आम्ही म्हणजे आम्ही एकटेच. उर्दू माध्यमाच्या शाळेत इतकी वर्षे 'हम' म्हणून शिकवताना सवय अशी जडली आहे की, मराठीत 'मी' लिहिताना उगाच पोरके वाटते. वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

आमच्या हातातले हे घड्याळ पाणबुड्यांचे आहे. उर्दूत आम्ही मुलांना 'गोताखोर की घडी' सांगतो. पाठीवर हवेची नळकांडी बांधून समुद्रात उतरणाऱ्या माणसाला एकच हिशेब चुकवून चालत नाही, तो म्हणजे खाली येऊन किती मिनिटे झाली. कड्यावर एक त्रिकोणी खूण असते. बुडी मारताना ती मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायची. नंतर काटा कड्यावरच्या ज्या आकड्यासमोर असेल तितकी मिनिटे गेली. अंधाऱ्या पाण्यात वजाबाकी करीत बसावे लागत नाही. अलीकडच्या घड्याळांत हे कडे एकाच बाजूला, काट्यांच्या उलट दिशेने फिरते. म्हणजे धक्का लागून ते सरकले तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी दिसत नाही. माणूस चुकला तर लवकर वर येईल, उशिरा नाही. आमच्या घड्याळाचे कडे मात्र दोन्ही बाजूंना फिरते. ते जुन्या काळातले आहे.

अशी घड्याळे ज्या रूपात आज ओळखली जातात ते रूप १९५३ च्या सुमारास आले. त्या साली ब्लाँपँ या स्विस कंपनीने फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांच्या गरजा ऐकून एक घड्याळ काढले आणि त्याचे नाव ठेवले 'फिफ्टी फॅदम्स'. फॅदम म्हणजे आपल्या कोकणातली वाव. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढे अंतर, तेवढी एक वाव. आमचे आजोबा खाडीत दोरी सोडून 'तीन वाव, चार वाव' असे पाणी मोजायचे. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. रोलेक्सचे 'सबमरिनर'ही त्याच वर्षाचे. जपानच्या सिकोने १९६५ साली आपले पहिले १५० मीटरचे घड्याळ काढले. १९६८ साली हिरोशिमा प्रांतातल्या कुरे गावच्या एका पाणबुड्याने त्या कंपनीला पत्र लिहिले, की आम्ही ज्या खोलीवर काम करतो तिथे तुमची घड्याळे टिकत नाहीत. कंपनीने त्यावर सात वर्षे काम केले आणि १९७५ साली ६०० मीटरचे घड्याळ बाजारात आणले. ही हकिकत आम्हाला फार आवडते. एका कष्टकऱ्याने तक्रार केली आणि तिची अशी दखल घेतली गेली, हे रोज रोज कुठे ऐकायला मिळते?

आमचे घड्याळ मात्र त्या ६०० मीटरवाल्यांच्या घराण्यातले नाही. ते मधल्या दर्जाचे, १५० मीटरचे, १९७६ ते १९८८ या काळात भरपूर निघालेल्या ६३०९ या जातीचे. आकार कासवाच्या पाठीसारखा. चावीचे बटण तीनच्या आकड्यासमोर नाही, चारसमोर, आणि तेही आट्यांनी घट्ट बसवलेले. मागच्या झाकणावर उसळलेल्या लाटेचे चित्र. तबकडीच्या खिडकीत वार आणि तारीख, आणि वार इंग्रजीत किंवा अरबीत, आपण लावू तसा. अरबी वारावरून ते आखाती बाजारासाठी आलेले होते हे कळते. अब्बांनी ते दुबईत घेतले.

आमचे गाव दापोली तालुक्यात, खाडीकाठी. गावात एक घर असे नव्हते ज्यातला माणूस जहाजावर किंवा आखातात नव्हता. अब्बांची नल्ली, म्हणजे खलाशाचे सरकारी पुस्तक, १९७९ साली झाली. ते इंजिनखान्यात तेलवाले होते. चार तास वॉच, आठ तास विश्रांती, पुन्हा चार तास वॉच. जहाजावर पाळीलाही वॉचच म्हणतात. इंजिनखान्यात पाण्याची, तेलाची आणि तापमानाची मोजमापे तासातासाला वहीत टिपावी लागत. अब्बा वॉचवर उतरताना कड्याची खूण मिनिटकाट्यावर लावीत. काटा फिरून खुणेवर आला की एक नोंद. बस्, इतकाच त्या पाणबुड्यांच्या कड्याचा उपयोग. अब्बा ते घालून कधी समुद्रात उतरले नाहीत. त्यांचे सारे आयुष्य पाण्याच्या पातळीखालीच गेले, पण लोखंडाच्या आत, घामात.

१९८४ ते १९८८ च्या दरम्यान इराण-इराक युद्धात आखातातल्या तेलवाहू जहाजांवर हल्ले होत होते. अब्बांच्या दोन फेऱ्या त्याच पाण्यातल्या. अम्मी सांगते, त्या दिवसांत ती रेडिओ लावायची नाही आणि पोस्टमन आला तर दारात जायची नाही. अब्बांकडे त्या दिवसांची एकच गोष्ट आहे, आणि ती ते हसत सांगतात. एका रात्री जहाजावरचे दिवे मालवले होते. अंधारात सगळ्यांना फक्त अब्बांच्या मनगटावरचे हिरवट ठिपके दिसत होते. सारंग म्हणाले, "मियां, ही घडी दीडशे मीटर खाली गेली तरी चालेल. आपण किती मीटर चालू?" आम्ही लहानपणी या गोष्टीवर खूप हसायचो. अम्मी कधी हसली नाही.

नोकरी सुटल्यावर ते घड्याळ कपाटात, अत्तराच्या रिकाम्या डबीशेजारी पडून राहिले. अब्बांनी साधे सेलचे घड्याळ घेतले. ते म्हणत, हलके आहे, वेळ बरोबर दाखवते, आणखी काय हवे? २०१२ साली आम्ही बी.एड. झालो आणि शाळेत लागलो, तेव्हा अब्बांनी ते काढून दिले. खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हाला ते नको होते. जड, बोजड, काचेवर ओरखडे. शाळेतल्या ज्येष्ठ मास्तरांच्या हातात पातळ, सुबक एचएमटी असायचे. मास्तराच्या हातात तेच शोभते असे आम्हाला वाटे.

आवड हळूहळू लागली. या घड्याळाला किल्ली देता येत नाही. मनगटावर बांधून हात हलवला की आतले वजन फिरते आणि कमान गुंडाळली जाते. दीडेक दिवस बाजूला ठेवले की ते थांबते. म्हणजे ते चालू आहे याचा अर्थ कोणीतरी ते घातलेले आहे. मग कळले की झाकणावरच्या क्रमांकाचा पहिला आकडा सालाचा आणि दुसरा महिन्याचा. आमच्या क्रमांकाची सुरुवात ३ आणि ४ ने होते, म्हणजे एप्रिल १९८३. ते आमच्याहून पाच वर्षांनी मोठे निघाले. कड्याच्या एका बाजूचा काळा रंग उडालेला आहे. तो अब्बांच्या इंजिनखान्यातल्या शिडीला घासून गेला, हे त्यांनी सांगितले तेव्हापासून आम्ही तिथून बोट फिरवतो. आजच्या पाणबुड्यांना अशा घड्याळाची तशी गरज उरलेली नाही. मनगटावरचा छोटा संगणक खोली, वेळ, सारे सांगतो. काम संपलेल्या वस्तूवर माणसाचा जीव का बसतो, याचे उत्तर पुस्तकात मिळाले नाही. आमच्यापुरते एवढेच, की या घड्याळातून अब्बांची ती वर्षे हाताला लागतात, ज्या वर्षांत ते आमच्या घरात नव्हते.

वजूच्या वेळी मात्र ते काढावे लागते. हात कोपरापर्यंत धुवायचे, त्वचेचा कण कोरडा राहायला नको. इतके घट्ट आणि रुंद घड्याळ मनगटावर ठेवून ते जमत नाही. म्हणून दीडशे मीटर पाणी सोसणारे हे घड्याळ रोज मशिदीच्या हौजाजवळ कठड्यावर, पाण्यापासून हातभर दूर, आमची वाट पाहत बसते. जमातीतला एक मित्र दर वेळी चेष्टा करतो, "सर, इतकं महागाचं पाण्याचं घड्याळ, आणि पाण्याला घाबरतं?"

त्याला काय माहीत, ते खरोखरच घाबरायला हवे होते. चिपळूणच्या घड्याळजींनी २०१९ साली आम्हाला बजावले होते. "सर, आतले रबर वाळून गेलंय. बदलून घ्या. तबकडीवर दीडशे लिहिलंय ते नवीन असतानाचं. आता याला नळाखालीही धरू नका." किती खर्च? दोन-तीनशे रुपये, आणि घड्याळ आठ दिवस त्यांच्याकडे ठेवायचे. आम्ही म्हणालो, पुढच्या पगाराला बघू. आठ दिवस मनगट मोकळे ठेवण्याची आमची तयारी नव्हती, हे खरे कारण. मग करोना आला आणि ते राहूनच गेले.

२१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती. करोनामुळे नमाज घरातच झाली. आम्ही नवा कुर्ता आणि अब्बांचे घड्याळ घातले, गावी फोन करून अब्बा-अम्मींना सलाम केला. रात्री घड्याळ काढून नेहमीप्रमाणे टेबलाच्या खणात ठेवले. पाऊस थांबत नव्हता. पहाटे वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरल्याची हाकाटी झाली. आमचे भाड्याचे घर तळमजल्यावर. २००५ चा पूर पाहिलेल्या घरमालकांनी वरून ओरडून सांगितले, "सामान सोडा, मुलांना घेऊन वर या." मुले, कागदपत्रे आणि कुराणशरीफ घेऊन आम्ही जिना चढलो. घड्याळ आठवले तेव्हा खालच्या दाराची वरची चौकट तेवढी दिसत होती. आमच्या खोलीत आठ फूट पाणी चढले होते.

शुक्रवारी पाणी ओसरले. चिखलात फुगलेला टेबलाचा खण उघडेना, तो पहारीने फोडला. घड्याळ सापडले. काचेच्या आत अर्ध्यापर्यंत गढूळ पाणी होते. काटे सव्वासातला थांबलेले. खिडकीत २२ तारीख आणि अरबीत गुरुवार.

आठवीला आम्ही दाबाचा धडा शिकवतो. दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे पंधरा वातावरणांचा जादा दाब सोसण्यासाठी घडवलेले घड्याळ पाव वातावरणाला हरले. यात घडवणाऱ्यांचा दोष काडीइतका नाही. रबर वेळोवेळी बदलायचे असते, आम्ही बदलले नाही. शहरात माणसे गेली होती, दुकानेच्या दुकाने वाहून गेली होती. अशा वेळी एका घड्याळासाठी डोळ्यांत पाणी आणायची लाज वाटत होती. पण ते आले.

घड्याळजींचे दुकानही बुडाले होते. ते फुटपाथवर ताडपत्री पसरून चिमट्याने बारीक चाके वेगळी करीत बसले होते. शेजारी लोकांची शेकडो घड्याळे चिखलाने माखून पडलेली. त्यांच्यासमोर आमचे घड्याळ काढायचे धाडस होत नव्हते. त्यांनीच हात पुढे केला, झाकण उघडले. आतले रबर तुकडे तुकडे होऊन पडले. ते एक शब्दही बोलले नाहीत. "आजच्या आज उघडलं म्हणून गंज धरणार नाही," एवढेच म्हणाले आणि सारे यंत्र पेट्रोलमध्ये बुडवले. यंत्र वाचले. तबकडी मात्र पूर्ण वाचली नाही. सहाच्या आकड्याच्या वर, आडवी, बोटाच्या नखाइतकी तपकिरी रेघ राहिली. पुराची खूण भिंतीवर राहते तशी.

त्यावर उपाय होता. मुंबईतल्या एका कारागिराने ती तबकडी पाहून सांगितले, नवी बसवून देतो, काटेही नवे, कडेही नवे, ओळखूसुद्धा येणार नाही. हा उद्योग आपल्याकडे मोठा आहे. जुन्या यंत्रावर नव्याने रंगवलेली तबकडी बसवून घड्याळे विकली जातात. परदेशातील शौकीन त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि कौतुकाने म्हणत नाहीत. आमचेही तत्त्व ठरलेले होते. जे आहे ते मूळचे असावे, डाग तर डाग. डागातही इतिहास असतो, वगैरे. घड्याळ घेऊन आम्ही गावी गेलो. अब्बांसमोर ठेवले आणि गुन्हेगारासारखे बसलो.

अब्बांनी ते उलटसुलट पाहिले. "पानी काय सांगून येतं? रबर जुनं झालं, पानी आत गेलं. पोरं सलामत आहेत ना?" मग तबकडीवरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "ही तबकडी बदल."

आम्ही त्यांना समजावू लागलो. मूळची तबकडी गेली की घड्याळाची किंमत जाते, जुनेपण हेच त्याचे सौंदर्य, लोक मुद्दाम अशी डागाळलेली घड्याळे शोधतात. अब्बा ऐकत राहिले. मग सावकाश म्हणाले, "तुला जुनी आवडते. मी नवी घेतली होती."

त्यांनी सांगितले, आणि आम्ही पहिल्यांदाच ऐकले, की दुकानातून बाहेर पडल्यावर ते घड्याळ त्यांनी हातात घातलेच नव्हते. डबीतच ठेवले. सात महिन्यांनी गावी परतताना दाभोळच्या होडीत बसल्यावर घातले, दादीला दाखवायला. दादीने पदराने काच पुसली आणि म्हणाली, माझ्या पोराचा हात चमकतोय. नंतर इंजिनखान्यात ओरखडे पडू लागले तेव्हा ते दर जुम्याला टूथपेस्ट लावून काच घासायचे. कड्याचा रंग उडाला त्या रात्री त्यांना झोप आली नव्हती. ज्या जागेवरून आम्ही इतकी वर्षे प्रेमाने बोट फिरवीत होतो, ती त्यांच्या लेखी नुकसानीची जागा होती.

आम्ही निरुत्तर झालो. जुन्या वस्तूची हौस ही ज्याला नवी वस्तू सहज मिळते त्याची हौस आहे, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. गंज, ओरखडे, विटलेले रंग आम्हाला गोड वाटतात, कारण ते मिळवताना आमचा घाम गेलेला नाही. ते घड्याळ आम्ही अब्बांची आठवण म्हणून घालत होतो, पण अब्बांना त्यात काय आठवते हे एकदाही विचारले नव्हते. बाप समोर बसलेला असताना त्याच्या आठवणी आम्ही धातूच्या ओरखड्यांत शोधत होतो.

शेवटी आम्ही विचारले, "अब्बा, तुम्ही सांगाल तसे करू. तबकडी बदलू का?"

त्यांनी घड्याळ आमच्या हातात ठेवले. "मी माझं बोललो. आता घडी तुझी आहे. ही रेघ तुझ्या पुराची आहे, माझ्या जहाजाची नाही. ठेवायची तर ठेव. पण काच नवी घाल. पुसता आली पाहिजे."

तसेच केले. रबरी कडी सारी नवी घातली, काच नवी बसवली, यंत्राला तेल दिले. तबकडी तीच ठेवली. कड्याचा उडालेला रंगही तसाच आहे, पण आता तिथून बोट फिरवताना पूर्वीचा अभिमान वाटत नाही. तिथे अब्बांची एक झोप गेलेली आहे, एवढे आठवते.

दुरुस्तीनंतर पहिल्या जुम्याला आम्ही गावी होतो. अब्बांनी आपणहून घड्याळ मागून घेतले. हात बारीक झाला आहे, पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढावा लागला. मग बटणाचे आटे सोडवून, बाहेर ओढून, त्यांनी वार जुळवला. इतक्या वर्षांनी, चष्मा न लावता. खिडकीत अरबीत शुक्रवार आला. लुंगीच्या टोकाने त्यांनी काच पुसली आणि हात थोडा लांब धरून पाहिला. अम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली.

मशिदीत हौजाजवळ आल्यावर अब्बांनी घड्याळ काढून आमच्या मुलाच्या हातात दिले. आमचा मुलगा सात वर्षांचा. त्याला अब्बांनी बजावले, "दोन्ही हातांनी धर. पान्यापासून लांब उभा राहा."

तो आज्ञाधारकपणे चार पावले मागे सरकला आणि घड्याळ कानाला लावून उभा राहिला. आम्ही दोघे वजू करायला बसलो.